तीन शब्द शिल्लक

बावीस शब्द झाले आणि तीन शिल्लक राहिले, ही गोष्ट तृप्ती महाजनने घरात बोलून दाखवायला नको होती. पण गुरुवारी दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी, लोधीपुऱ्यातल्या घरात, वडिलांना भाकरी वाढता वाढता ती बोलून गेली, "बाबा, बसलं एकदाचं! बावीस शब्दांत बसलं. उलट तीन शिल्लक आहेत."

यशवंतरावांनी हातातला घास ताटात ठेवला.

"तीन शब्द वाया घालवते?"

मुंबईच्या एका संस्थेने विनोदी चित्रपटांसाठी कल्पना मागवल्या होत्या. कथा नको, पटकथा नको, फक्त लॉगलाइन. म्हणजे अख्खा सिनेमा एका वाक्यात, जास्तीत जास्त पंचवीस शब्दांत. निवडलेल्या लेखकांना पाच दिवसांच्या शिबिराला बोलावून त्यांच्याकडून तो सिनेमा लिहून घेणार होते. फॉर्म भरायची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी सहापर्यंत होती.

तृप्तीने तीन महिन्यांत एकतीस लॉगलाइन लिहिल्या होत्या. शिंक न आवरणारा गुप्तहेर, स्वतःच्याच तेराव्याचा स्वयंपाक करावा लागणारा आचारी, उंचीला घाबरणारा पतंगवाला. तिची कसोटी एकच होती. वाक्य ऐकून समोरच्याने "मग?" असं विचारलं पाहिजे. तीस वाक्यं झाली तरी कोणी "मग?" विचारलं नव्हतं. आई फक्त एकदा म्हणाली होती, "त्या आचाऱ्याला सुट्टी नाही का?"

एकतिसावी मात्र वेगळी होती, कारण ती खरी होती. चौदा वर्षांपूर्वी लोटूकाकांच्या लग्नात नवरदेवच गायब झाला होता. पहाटे केळी भरलेल्या ट्रकमध्ये त्यांना झोप लागली आणि ट्रक दिल्लीला निघाला, ही हकिकत महाजनांच्या घरात दर दिवाळीला एकदा तरी सांगितली जाई. तृप्तीने ती अशी लिहिली होती:

"लग्नाच्या सकाळी केळीच्या ट्रकमध्ये झोप लागलेला आळशी नवरदेव दिल्लीच्या वाटेवर जागा होतो आणि कुठेही न थांबणाऱ्या ड्रायव्हरला पटवून मुहूर्ताआधी मांडवात पोचायला धडपडतो."

हे निवडलं गेलं नाही तर काय, हेही ठरलेलं होतं. एक तारखेपासून तिने लोटूकाकांच्या खत-बियाण्यांच्या दुकानात बिलिंगला बसायचं. तिथल्या कॉम्प्युटरवर गेली सहा वर्षं वैजयंतीकाकू बसत होत्या आणि त्यांना आता त्या खुर्चीतून सुटका हवी होती. काकांनी तृप्तीसाठी नवी उशीसुद्धा आणून ठेवली होती. ती उशी पाहिल्यापासून तृप्तीला नीट जेवण जात नव्हतं.

"आमचे येथे श्रीकृपेकरून," यशवंतराव म्हणाले.

"काय?"

"बरोब्बर तीन शब्द हायेत. मोजून पाहा. आमचे, येथे, श्रीकृपेकरून. सुरुवातीला टाक."

यशवंतराव पेपर मिलमध्ये नोकरीला होते, पण गल्लीत त्यांची ओळख वेगळी होती. लग्नपत्रिकेचा मजकूर तेच लावून देत. कोणाचं नाव कोणाच्या वर, कोणाला प्रेषक करायचं आणि कोणाला नुसतं निमंत्रक, यातली त्यांची बैठक पक्की होती. त्यांनी लावलेल्या पत्रिकेवरून आजवर एकही भाऊबंद रुसला नव्हता. त्यासाठी कधी कधी पत्रिकेची चार पानं होत.

"बाबा, ही लग्नपत्रिका नाही."

"गोष्ट लग्नाचीच हाये ना? अन् हे आळशी काय लिहिलं? पत्रिकेत कोणी नवरदेवाचा दोष छापतं का?"

"लॉगलाइनमध्ये दोषच पाहिजे असतो. हीरो, त्याचा एक दोष, त्याला काय पाहिजे, मधे आडवं कोण येतं. बस. बाकी फालतू काहीच नको."

"म्हणजे मी फालतू?"

"तुम्ही कुठून आले मधे?"

"तेच म्हणतोय! मी कुठी आलोच नाही यात. तीन तास मांडव कोणी सांभाळला? व्याह्यांना सरबत पाजून पाजून कोणी बसवून ठेवलं? वडील बंधू म्हणून एक उल्लेख नको?"

तृप्तीची नजर तेव्हा फॉर्मच्या सातव्या नियमावर होती. कल्पना खऱ्या प्रसंगावर आधारित असल्यास त्यातल्या व्यक्तींचं सहीनिशी संमतिपत्र जोडावं. हा नियम तिने आत्ता पहिल्यांदा वाचला. सह्या दोन लागणार होत्या: नवरदेवाची आणि ड्रायव्हरची. घड्याळात दोन वाजले होते. "होऊन जाईल," ती स्वतःशीच म्हणाली आणि स्कूटीची किल्ली शोधू लागली.

ती किल्ली शोधत असताना यशवंतरावांनी धाकट्या भावाला फोन लावला. "लोटू, तृप्ती येऊन राहिली तुझ्याकडं. तुझ्या लग्नाचं छापून येणार हाये मुंबईला. हौ. तीन शब्दांची जागा रिकामी हाये अजून. विचार करून ठेव."

तृप्ती दुकानात पोचेपर्यंत लोटूकाकांनी विचार करून ठेवला होता. त्यांनी काउंटरवरचे बियाण्यांचे पुडे बाजूला सारले, चष्मा पुसला आणि वाक्य दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्यांचं बोट "आळशी"वर थांबलं.

"हे कोण?"

"तुम्ही, काका."

"प्रतिष्ठित खतविक्रेते लिही."

"तेव्हा दुकान नव्हतं ना तुमचं."

"आता तर हाये. सिनेमा आता बनणार ना? मग आताचं लिही."

"काका, प्रतिष्ठित माणूस ट्रकमध्ये झोपला तर हसू कसं येईल लोकांना?"

"काबरं हसायचं लोकांनी?"

शेवटी "आळशी"च्या जागी "कर्तबगार" यावर तोड निघाली. शब्दाला शब्द गेला, संख्या वाढली नाही, म्हणून तिने मान्य केलं. काकांनी पेन हातात घेतलं आणि परत खाली ठेवलं.

"अन् हे धडपडतो काय? मी पोचलो होतो. साक्षीदार हायेत. पोचतो लिही."

"पोचतो लिहिलं तर सस्पेन्सच खतम!"

"सस्पेन्स कशाचा? समोर बायको बसलीय माझी. न पोचता लग्न झालं का?"

समोर बसलेल्या वैजयंतीकाकूंनी इतका वेळ कॉम्प्युटरवरून नजर काढली नव्हती. तुकईथडचा एक शेतकरी ठिबकच्या खताच्या बिलासाठी उभा होता आणि त्याचं बिल अर्ध्यावर होतं. काकूंनी हात पुढे केला. "दाखव पाहू." त्यांनी वाक्य वाचलं, कागद उलटा करून मागची बाजूही पाहिली.

"यात मी कुठी हाये?"

"तुम्ही मांडवात आहात ना, काकू," तृप्ती म्हणाली. "शेवटी मांडव आलाय बघा."

"मांडवात तर खुर्च्या पण होत्या."

तुकईथडचा शेतकरी हसला. काकूंनी त्याच्याकडे पाहिलं, तो थांबला.

"लग्न माझं," काकू म्हणाल्या, "शालू नेसून तीन तास मी बसले, अन् तुझ्या वाक्यात ड्रायव्हरसुद्धा हाये, मी नाही? नवरी वाट पाहते. हे घाल. तीनच शब्द होतात, मी मोजले."

"अगं, त्या तीन जागा माझ्या हायेत," काका म्हणाले. "दादानं फोनवर मलेच सांगितलं."

"दादांना काय करायचंय? त्यांच्या वाटणीतल्या हायेत का?"

नेमके तेव्हाच दादा दारात उभे होते. तृप्तीच्या मागोमाग तेही रिक्षाने निघाले होते, कारण श्रीकृपेकरूनचं काय झालं हे त्यांना स्वतः पाहायचं होतं. काकूंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, पण तीन जागांवरचा हक्क सोडला नाही.

पुढच्या तासाभरात दुकानात खताचं एकही पोतं विकलं गेलं नाही. काका म्हणाले, मनासारखं झाल्याशिवाय सही नाही. काकू म्हणाल्या, त्यांची सही झाली तरी माझी हरकत हाये असं मी खाली लिहीन. यशवंतराव म्हणाले, सगळ्यांना सामावून घ्या, माझ्या पत्रिकेवर आजवर कोणी रुसलं नाही. तृप्ती कोऱ्या बिलाच्या पाठीवर लिहीत होती, खोडत होती. चार वाजून दहा मिनिटांनी वाक्य असं झालं:

"आमचे येथे श्रीकृपेकरून लग्नाच्या सकाळी केळीच्या ट्रकमध्ये झोप लागलेला कर्तबगार नवरदेव, वडील बंधू मांडव सांभाळत असताना व नवरी वाट पाहत असताना, दिल्लीच्या वाटेवर जागा होतो आणि कुठेही न थांबणाऱ्या ड्रायव्हरला पटवून मुहूर्ताआधी मांडवात पोचतो."

चौतीस शब्द. तिघेही खूश होते.

"आता कसं भरल्यासारखं वाटतं," यशवंतराव म्हणाले.

"नऊ शब्द जादा आहेत," तृप्ती म्हणाली. "आणि यात गंमत कुठे आहे?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. गंमत कोणाच्याच वाटणीला आली नव्हती.

दुसरी सही त्या ट्रकच्या ड्रायव्हरची, भिकनची हवी होती. तो आता दिल्लीला जात नसे, खताची पोती आणून दुकानांत पोचवत असे. त्याला तृप्तीने फोन केलाच होता. साडेचारला त्याचा ट्रक दुकानासमोर लागला आणि तो गळ्यातल्या पंच्याने तोंड पुसत आत आला. "कुठी सही करू, बेटा?"

"आधी वाचून घ्या, भिकनकाका."

"वाचायचं काय? तू लिहिलं म्हणजे चांगलंच असेल." पण त्याने वाचलं. वाचता वाचता त्याचे ओठ हलत होते, ते एका ठिकाणी थांबले.

"कुठेही न थांबणारा? मी?"

"म्हणजे तसं, सिनेमात..."

"बेटा, माझा ट्रक म्हणजे एसटी हाये. हात केला की थांबतो. असीरगडच्या घाटात मी माकडांसाठी थांबतो. एकदा एका माणसानं खांदा खाजवायला हात वर केला तरी थांबलो होतो. पूर्ण लाइनमध्ये विचार कोणालाही. अन् माझ्या नावावर हे?"

"त्या दिवशी मात्र तुम्ही थांबला नव्हता ना?" तृप्ती म्हणाली. "दिवाळीला नेहमी सांगतात. काका झोपेतून उठून ओरडत होते, थांबवा थांबवा, आणि तुम्ही काही ऐकेनात."

"जाऊ दे ना, भिकनभाऊ," लोटूकाका जरा घाईने म्हणाले. "चहा घ्या. थांबणारा लिहू आपण. तृप्ती, थांबणारा कर."

"थांबणारा केला तर सगळी गोष्टच पडते, काका! तो थांबला असता तर तुम्ही तिथेच उतरला असता."

"हौ, अन् मी थांबतच होतो!" भिकनचा आवाज चढला. चौदा वर्षं दिवाळीच्या फराळाबरोबर आपली काय बदनामी चालली होती, हे त्याला आज कळत होतं. "मी दर चहाच्या टपरीला गाडी स्लो करत होतो. हे तुझे काकाच म्हणत होते, भिकन, थांबू नको. कोणी हात केला तरी थांबू नको."

लोटूकाका पंख्याकडे पाहू लागले.

"झोपेत म्हणत होते?" काकूंनी विचारलं.

"कसली झोप, वहिनी? माझ्या बाजूला बसून टकाटक जागे होते. बोरगावपर्यंत पन्नास वेळा मागं वळून पाहिलं. झोपलेला माणूस मागं वळून पाहतो का?"

वैजयंतीकाकूंनी कीबोर्ड पुढे सरकवला. तुकईथडच्या शेतकऱ्याने आपलं अर्धवट बिल विसरून टेकायला एक पोतं पाहिलं. यशवंतरावांच्या चेहऱ्यावर, तीन तास पाजलेल्या सरबताचा हिशेब नव्याने मांडत असल्याचा भाव होता.

"पळाले होते तुम्ही?" काकू अगदी हळू म्हणाल्या. "मी पसंत नव्हते?"

"तसं नाही ग."

"हुंडा पाहिजे होता?"

"नाही ग, बाई."

"दुसरी कोणी होती?"

"पहिलीच धड नव्हती, दुसरी कुठून आणू?" लोटूकाकांनी चष्मा काढला, परत घातला. "नाव घ्यायचं होतं."

"काय?"

"तुझं नाव. उखाण्यात. तुझ्या भावानं सांगून ठेवलं होतं, पंगतीत घास भरवताना माइकवर नाव घ्यायचं म्हणून. तुझ्या माहेरच्या, इच्छापूरच्या बाया ऐकायला येणार, म्हणे. मी आठ दिवस पाठ केला तो उखाणा. आंघोळीत म्हणायचो. अन् हळदीच्या रात्री पाहतो तर साफ! पहिली ओळ नाही, दुसरी नाही. फक्त वैजयंती आठवते, आगं ना मागं. पहाटे मळ्यावर गेलो, तर भिकनचा ट्रक भरून उभा. बसलो."

"अरे, मले विचारायचं ना!" यशवंतराव उसळले. "मी दहा लिहून दिले असते!"

"तूच लिहून दिला होता तो, दादा. अडीच पानांचा होता. त्यात तुझं पण नाव होतं."

यशवंतराव खाली बसले.

"मग परत कसे आले?" काकूंनी विचारलं.

"बोरगावच्या पुढं आठवला," काका म्हणाले. "पूर्ण. म्हणून उतरलो. दुधाच्या गाडीत उभं राहून आलो, रस्ताभर म्हणत आलो. दूधवाल्याला पण पाठ झाला. मुहूर्तावर पोचलो, अक्षता पडल्या, पंगतीला बसलो. आता घेतो म्हटलं नाव, तर तुझं डोकं दुखायला लागलं. तू उठून गेली. सगळे म्हणाले, राहू द्या आता. राहिलंच मग."

काकूंचे खांदे हलायला लागले तेव्हा काकांना वाटलं त्या रडतात, आणि ते पोत्यांच्या बाजूने वळसा घालून त्यांच्याकडे धावले. काकू रडत नव्हत्या. त्यांनी पदर तोंडात कोंबला होता, तरी हसू डोळ्यांतून बाहेर येत होतं.

"डोकं कुठी दुखत होतं माझं?"

"मग?"

"मलेच माझा उखाणा आठवत नव्हता! तीन तास शालूत बसून देवाचा धावा करत होते, नवरदेव सापडू दे, पण जरा उशिरा सापडू दे. मामी विचारे, पोरी, काय पुटपुटते? मी म्हणे, जप करते. शेवटपर्यंत आठवला नाही, म्हणून डोकं दुखलं."

"चौदा वर्षं सांगितलं नाही तू!"

"तुम्ही तर दिल्लीला निघाले होते! मी निदान घरात होते."

भिकन हसता हसता खाली बसला. तृप्तीने घड्याळ पाहिलं. पाच वाजून एकतीस मिनिटं. तिने चौतीस शब्दांवर उभी-आडवी रेघ मारली.

"काकू, आत्ता जे झालं ते एका वाक्यात सांगा. जसं येईल तसं."

काकूंनी डोळे पुसले, कीबोर्ड परत ओढून घेतला आणि तुकईथडच्या शेतकऱ्याचं राहिलेलं बिल मारता मारता म्हणाल्या, "त्यात काय सांगायचं? उखाणा आठवेना म्हणून नवरदेव मांडवातून पळतो, आणि इकडे नवरीलाही आपला उखाणा आठवत नसतो."

"मग?" तुकईथडचा शेतकरी म्हणाला.

तृप्तीने त्याला दुसऱ्यांदा म्हणायला लावलं. तो म्हणाला, "मग? पुढं काय झालं?" तिने मोजलं. तेरा शब्द. हीरो होता, दोष होता, आडवं येणारं होतं आणि ते दोघांचं एकच होतं. तीन महिने ती जे शोधत होती, ते तिच्या काकूने खताचं बिल करता करता सांगून टाकलं होतं.

"बारा शब्द रिकामे!" यशवंतराव कळवळले. पंगतीत कोणी अर्धं ताट टाकून उठल्यावर करतात तसा चेहरा त्यांनी केला. "निदान श्रीकृपेकरून..."

"नाही, बाबा."

"अन् यात मी कुठी गेलो?" भिकनने विचारलं.

"तुम्ही सिनेमात आहात, भिकनकाका. वाक्यात नाही."

"अन् सिनेमात थांबतो ना?"

"प्रत्येक टपरीला."

"दे इकडं." भिकनने ठसठशीत सही केली.

लोटूकाका मात्र हात मागे बांधून उभे होते. "मी नाही करणार. झोपला, इथपर्यंत ठीक होतं. पळाला, हे मुंबईला कळवायचं? इच्छापूरला सासुरवाडी हाये माझी. तृप्ती, हे नको पाठवू. एक तारखेला येऊन बस इथं आरामात. उशी पण आणली मी."

पाच त्रेचाळीस. तृप्तीने उशीकडे पाहिलं. उशीवर गुलाबाची फुलं होती.

काकू खुर्चीतून उठल्या. "सही करता, का आत्ता इथं गिऱ्हाइकासमोर नाव घेता?"

"कोणाचं?"

"माझं. बोरगावच्या पुढं आठवलेलं. चौदा वर्षं झाली, मी ऐकलं नाही अजून. म्हणा."

लोटूकाकांनी तोंड उघडलं. सगळे वाट पाहत होते. त्यांनी छताकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, नंतर रस्त्यावर उभ्या असलेल्या भिकनच्या ट्रककडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग पेन उचललं आणि सही केली.

काकूंनी त्यांच्या खाली सही केली. यशवंतरावांना कोणी सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी सर्वांत खाली "आपला विनीत" लिहून आपलीही ठोकली. लेखकाच्या रकान्यात तृप्ती अर्धा मिनिट थांबली. एकतीस वाक्यं तिची होती, पण हे बत्तिसावं तिचं नव्हतं. तिने दोन नावं लिहिली: तृप्ती यशवंत महाजन आणि वैजयंती लोटू महाजन. पाच वाजून बावन्न मिनिटांनी फॉर्म गेला.

दहाव्या दिवशी संस्थेतून निरंजन नावाच्या गृहस्थांचा फोन आला. लॉगलाइन निवडली होती. शिबिर एक तारखेपासून. "आणि लेखिका दोन आहेत," ते म्हणाले, "तर दोघींनाही यावं लागेल. एकीला येता येणार नसेल तर नाइलाज आहे, दोघींचीही निवड रद्द होईल."

तृप्तीने ही बातमी दुकानात जाऊन सांगितली, तेव्हा काकूंनी एकच प्रश्न विचारला. "मग बिलिंगला कोण बसेल?"

काकूंनी लोटूकाकांकडे पाहिलं. तृप्तीने पाहिलं. लोटूकाकांनी मागे वळून पाहिलं, पण मागे फक्त पोती होती.

एक तारखेला सकाळी नऊ वाजता लोटूकाका गुलाबांच्या उशीवर बसले. काउंटरसमोर सात शेतकरी होते. कॉम्प्युटर सुरू झाला आणि त्याने पासवर्ड मागितला. काकांनी दुकानाचं नाव टाकून पाहिलं, पोराची जन्मतारीख टाकून पाहिली, स्कूटीचा नंबर टाकला. सव्वानऊला रांग अकरावर गेली आणि त्यांनी मुंबईला फोन लावला.

"अगं, पासवर्ड काय हाये?"

"आधी नाव घ्या," पलीकडून काकू म्हणाल्या. "मग सांगते. इथं आल्या आल्या शेवटाचंच काम काढलंय. सगळे विचारतात, सिनेमाच्या शेवटी नवरदेव नाव घेतो का नाही? मी म्हटलं, विचारून सांगते."

"वैजू, अकरा माणसं उभी हायेत!"

"तेव्हा माइक होता. अकरा काय जास्त झाले? फोन स्पीकरवर टाका."

काकांनी फोन स्पीकरवर टाकला आणि घाम पुसला. रांगेतल्या लोकांना दोन मिनिटांत सगळा प्रकार समजला, कारण तुकईथडचा तो शेतकरी आजही रांगेत होता. त्याने मदतही केली. "केळीच्या घडाला बांधली सुतळी..." तो म्हणाला.

"पुढं?"

"पुढं तुम्ही बोला, शेठ. बायको तुमची हाये."

मग सगळ्या रांगेनेच मनावर घेतलं. कोणी कापसावरून सुरुवात केली, कोणी तापीवरून. एकाने तर हिंदीत शेर सुरू केला, त्याला बाकीच्यांनी गप्प केलं. लोटूकाका डोळे मिटून बसले होते. बोरगावच्या पुढे आठवलेला तो अडीच पानांचा उखाणा काही येत नव्हता. वीस मिनिटं झाली. शेवटी त्यांनी तो नाद सोडला, फोन तोंडाजवळ धरला आणि मान खाली घालून म्हणाले, "ट्रक गेला दिल्लीला, मी आलो परत, वैजयंतीवाचून दुकानात दिवस नाही सरत."

दुकानात शिट्ट्या वाजल्या. फोनमधूनही, तिकडे मुंबईत, बऱ्याच लोकांनी टाळ्या वाजवल्याचा आवाज आला. मग काकूंचा आवाज आला.

"बरं. लिहून घ्या. तुमचं नाव. इंग्रजीत, सगळी लहान अक्षरं, पुढं एक-दोन-तीन."

"माझं नाव?"

"सहा वर्षं झाली," काकू म्हणाल्या. "मी तर रोज सकाळी नऊ वाजता घेते."

लोटूकाकांनी एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, ते टाकलं. पहिल्या खेपेला स्वतःचंच नाव चुकलं.